दारातलं पाचशे चोपन्न

थांबा. तिथेच थांबा. आधी मी बोलतो.

हा माझा आगाऊपणा नाही, माझ्या कामाची रीतच तशी आहे. दार कुणी वाजवलं की पहिला शब्द माझा. मी बोलायच्या आत जो तोंड उघडतो, तो सरळ गडी नाही हे मी तिथल्या तिथे ओळखतो. तर ऐका. मी एका रुग्णालयाचा मेल सर्व्हर बोलतोय. तळमजल्यावर, एक्स-रेच्या जुन्या फिल्मांच्या खोलीला लागून, कपाटाएवढ्या जागेत माझा मुक्काम आहे. बाहेरून येणारं प्रत्येक ई-पत्र माझ्या हातून आत जातं. किंवा जात नाही.

आता तुम्ही हे सगळं का ऐकताय, तुम्हाला कुणी पाठवलं, हे मी विचारणार नाही. मनात मात्र विचारतोय. सवय आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते इथलं पहिलं बटण. ते दाबलं काकांनी. काका म्हणजे माझे सांभाळकर्ते. रुग्णालयातले सगळे त्यांना पाठीमागे कडीकाका म्हणतात, कारण ते ज्या खोलीतून बाहेर पडतील तिची कडी लावून दोनदा ओढून बघतात. पाण्याची बाटली पण कुलपात ठेवतात. अशा माणसाच्या हाताखाली मी वाढलो. मग माझा स्वभाव कसा होणार, सांगा!

माझं दारातलं बोलणं आकड्यांत चालतं. फार नाहीत, तीनच लक्षात ठेवा. दोनशे वीस म्हणजे ‘या, काय काम आहे?’ चारशे एकवीस म्हणजे ‘आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या.’ आणि पाचशे चोपन्न म्हणजे ‘नाही. पुन्हा येऊ नका.’ पहिला आकडा चार ऐकला की शहाणं मशीन पत्र जपून ठेवतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत येतं. पाच ऐकलं की ते पत्र पाठवणाऱ्याच्या अंगावर टाकतं आणि विषय संपवतं.

आणि एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच आहे. दार वाजतं तेव्हा मला समोरच्याचा फक्त यंत्राचा पत्ता दिसतो. चार आकडे, मध्ये टिंबं. पत्र कुणाचं, कुणासाठी, आत काय, हे तो नंतर सांगतो, मी ‘या’ म्हटल्यावर. दारातच ‘नाही’ म्हटलं तर मला ते कधीच कळत नाही.

सुरुवातीची वर्षं मी बरा होतो. शंका यायची, पण चारवर भागायचं. मग एकदा एक पत्र आत शिरलं. अगदी सभ्य कपड्यांत, अधिष्ठात्यांच्या नावाने. कुणीतरी ते उघडलं आणि दोन दिवस रुग्णालयाच्या सगळ्या भेटींच्या याद्या गोठून गेल्या. पेशंट व्हरांड्यात बसलेले, डॉक्टर चिडलेले, आणि बोलणी कुणाला? काकांना. सगळ्यांदेखत. मी ते ऐकत होतो आणि मला काकांकडे बघवत नव्हतं. चूक माझी होती, मीच त्याला ‘या’ म्हटलं होतं.

त्या दिवसापासून काकांनी कानाला खडा लावला. जिथून म्हणून भुरट्यांचे मेल यायचे, त्या पत्त्यांची अख्खी गल्लीच्या गल्ली त्यांनी माझ्या यादीत घातली. गल्लीत चार लबाड राहतात ना, मग चारशे घरं बंद! आणि त्यांना चार नव्हे, थेट पाच.

“चार म्हटलं की परत परत दार वाजवतात मेले,” काका स्वतःशीच पुटपुटले होते. “पाच म्हटलं की एकदाचे जातात.”

पाचाच्या आकड्यापुढे एक वाक्य लिहायची सोय असते, माणसांना वाचता यावं म्हणून. तिथे खरं तर लिहायला हवं होतं, ‘तुमचा पत्ता आम्हाला संशयास्पद वाटतो, अमुक नंबरला फोन करा.’ काकांनी काय लिहिलं? ‘इथे टपाल घेतलं जात नाही.’ का, तर भुरट्याला वाटावं की इथे कुणी राहतच नाही, घर रिकामं आहे. काका त्यावर खूश होते. खोटं कशाला लपवू, मीही होतो. दिवसाला तीन-तीन हजार लोकांना मी तोंडावर थाप मारायचो आणि मला झोप छान लागायची.

आता ताईंबद्दल सांगतो.

माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे रुग्णालयाचा टेलिफोन बोर्ड आहे. त्यावर बावीस वर्षं एकच बाई बसते. सगळे तिला ताई म्हणतात, अधिष्ठातेसुद्धा. “हॅलो, रुग्णालय. बोला, मी ऐकतेय.” हे वाक्य मी भिंतीतून किती वेळा ऐकलंय त्याचा हिशेब नाही. बाहेरची माणसं घाबरलेली असतात, ओरडतात, रडतात. ताईंचा आवाज ऐकला की जरा खाली बसतात. माझंही तसंच व्हायचं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

यंदा तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. दोन महिने झाले तरी खरखर जाईना, तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी आत बघितलं. स्वरयंत्रावर गाठ होती. तिचा तुकडा आपल्याच लॅबमध्ये तपासला तर लक्षणं वाईट दिसली. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या मोठ्या लॅबचं मत घेऊ, पण बारा-पंधरा दिवस लागतील आणि मी तेवढं थांबायला तयार नाही. गुरुवार धरा. तोपर्यंत रिपोर्ट आला तर ठीक, नाही तर स्वरयंत्र काढायचं. जीव वाचेल. आवाज जाईल.

ताईंच्या यजमानांना दिसत नाही. लग्नाच्या आधीपासून नाही. आता तुम्हीच विचार करा. मुकं माणूस हातवारे करतं, लिहून दाखवतं. दाखवायचं कुणाला?

लॅबच्या कागदावर ठसठशीत छापलेलं होतं, ‘चौकशीसाठी फोन करू नये, अहवाल मेलने पाठवला जाईल.’ तरी ताईंनी दोनदा केला. दोन्ही वेळा रेकॉर्ड केलेला आवाज. “बावीस वर्षं जगाचे फोन उचलले,” ताई म्हणाल्या, “माझाच कुणी उचलेना!” आणि हसल्या. मला मात्र त्या हसण्याचा राग आला.

शनिवारी, अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी माझं दार वाजलं. पत्ता बंद गल्लीतला. मी नेहमीसारखं म्हटलं, पाचशे चोपन्न, इथे टपाल घेतलं जात नाही. आता नियम असा आहे की ‘नाही’ म्हटल्यावरही मी दार आपटायचं नाही. समोरचा ‘येतो’ म्हणेपर्यंत थांबायचं, त्याचा निरोप घ्यायचा आणि मग बंद करायचं. भुरटे निरोपासाठी कधीच थांबत नाहीत. हा थांबला. ‘येतो’ म्हणाला आणि गेला. मला काय वाटलं माहितीये? एवढा गोड बोलतोय म्हणजे नक्कीच अट्टल असणार. मी वहीत नोंद केली आणि विसरलो.

बुधवारी दुपारी ताई माझ्या खोलीत आल्या. संध्याकाळी त्यांना भरती व्हायचं होतं. बोर्डावर लावायला त्यांचा आवाज काकांनी रेकॉर्ड करून घ्यायचा, असं ठरलं होतं.

“हॅलो, रुग्णालय. कृपया थोडं थांबा.” दोन दमात झालं. खरखरीत होतं, पण ताईंचंच.

“झालं,” काका म्हणाले.

“अजून आहे काका. माझं घरचं आहे थोडं. घ्याल का?” ताईंनी पर्समधून चिठ्ठी काढली. “मोबाईलमध्ये टाकून द्या. बटण दाबलं की वाजलं पाहिजे.”

त्या वाचायला लागल्या. “मी आले हं.” “जेवायला वाढलंय.” “औषध घेतलंत का?” “इकडे नको, ओलं आहे.” “काही नाही, मांजर होतं.”

काकांनी स्क्रीनवरून मान वर केली नाही. 

“इथे पायरी आहे,” ताईंनी वाचलं आणि त्या थांबल्या. मग परत, “इथे पायरी...” पुढे त्यांच्याने होईना. चिठ्ठी त्यांनी मांडीवर ठेवली. “किती वाक्यं भरू हो काका? माणूस दिवसभरात किती बोलतो! मी गप्प बसले की त्यांच्यासाठी मी घरात नाहीच. समोर बसलेली असेन आणि तरी नाहीच.”

मला हुंदके देता येत नाहीत. माझा पंखा तेवढा जोरात फिरायला लागला. काकांनी उगाच त्याची धूळ पुसली.

“लॅबचं पत्र नाहीच का आलं?” थोड्या वेळाने ताईंनी विचारलं.

“आलं असतं तर घशाच्या डॉक्टरांच्या मेलमध्ये पडलं असतं. मी सकाळ-संध्याकाळ बघतोय.”

“आणि दारातूनच परत गेलं असेल तर?”

“दारातून भुरटे परत जातात, ताई.”

“कशावरून?”

काका म्हणाले, “म्हणजे?”

“म्हणजे कशावरून भुरटे? तुम्ही विचारता का त्यांना, कोण तुम्ही, कुणाकडे काम आहे म्हणून?”

“विचारायच्या आतच घालवतो. तोच तर फायदा आहे.”

“डोंबल फायदा!” ताई म्हणाल्या. आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत. “मी बोर्डावर असं केलं असतं ना, तर अर्धं रुग्णालय मेलं असतं. नंबर ओळखीचा नाही म्हणून मी कधी कुणाला ‘इथे रुग्णालयच नाही’ असं सांगितलं नाही. लाईन नसली, शंका आली, तर म्हणते, थोड्या वेळाने करा. खरं काम असेल तो करतोच परत.”

काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता चिडतील. काका चिडले नाहीत, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि माझी वही उघडली. दहा दिवसांत दारातून घालवलेले किती? एकतीस हजार आणि वर काही. पुढे नाव नाही, गाव नाही. नुसते आकडे.

“बघा,” काका म्हणाले, “यातून काय शोधणार?”

मलाही तेच वाटलं. मीच लिहिलेली वही, आणि मला तिच्यातलं एकही पत्र कुणाचं ते सांगता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच कामाचा संशय आला.

ताई वाकून स्क्रीनकडे बघत होत्या. “हे शेवटी काय लिहिलंय? काहींच्या पुढे आहे, काहींच्या नाही.”

“ते होय? निरोप घेऊन गेला तर तशी खूण पडते. नाही तर नुसतंच तुटतं.”

“मग काका, सोपं आहे की! त्रास देणारा फोन आपटतो. भला माणूस चुकीचा नंबर लागला तरी ‘माफ करा हं, ठेवतो’ म्हणतो. ‘ठेवतो’ म्हणणारे किती आहेत तेवढे काढा.”

काकांनी काढले. एकतीस हजारांतून उरले एक्केचाळीस.

एकेका पत्त्यामागे कोण आहे ते काका शोधायला लागले. ताई शेजारी स्टुलावर. पलीकडे बोर्ड वाजत होता, बदलीची बाई उचलत होती. पहिला गाद्यांचा कारखाना. मग कुठलंसं ग्रंथालय. मग काही कळेना असा. सतरावा पत्ता आला आणि काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. लॅबचं नाव होतं. शनिवार, अकरा बेचाळीस. लॅबने मागच्या महिन्यात आपलं बिऱ्हाड नव्या मशीनवर हलवलं होतं, आणि ते मशीन नेमकं आम्ही बंद केलेल्या गल्लीत होतं.

तोच. गोड बोलणारा अट्टल.

त्या पत्त्याच्या नोंदीत लॅबच्या मशीनवाल्याचा थेट नंबर होता. ताईंनी काकांच्या टेबलावरचा फोन उचलला. फोन दुसऱ्यांदा वाजायच्या आत समोरून माणूस बोलला, खराखुरा. काकांनी स्पीकर लावला.

“हो, शनिवारी पाठवलं होतं,” तो म्हणाला. “परत आलं. तुमच्याकडे टपाल घेतच नाहीत म्हणून सांगितलं की तुमच्या मशीनने! आमच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, बंद केलं असेल त्यांनी मेल. मग त्यांनी सोमवारी कागद पोस्टात टाकला. मिळेल चार-सहा दिवसांत.”

“आमचं मशीन गाढव आहे हो,” काका म्हणाले.

मी? ते वाक्य कुणी लिहिलं होतं?

“रिपोर्टमध्ये काय आहे?” ताईंनी विचारलं.

“ते मला दिसत नाही आणि दिसलं तरी फोनवर सांगता येत नाही, ताई. पण तुम्ही दार उघडा, मी बाईंना आत्ता परत पाठवायला लावतो.”

काकांनी माझ्या यादीतून लॅबचा पत्ता सोडवला. गल्लीतल्या बाकीच्यांना पाचाऐवजी चार लावलं. ते थाप मारणारं वाक्य पुसलं आणि तिथे बोर्डाचा फोन नंबर लिहिला. हे सगळं करायला दहा मिनिटं लागली. दहा मिनिटं! वर्षभर मी लोकांना हाकलत होतो, ते थांबवणं दहा मिनिटांचं काम होतं.

मग आम्ही तिघे वाट बघत बसलो. खरं सांगू? मला अजून पटलेलं नव्हतं. लॅब असल्याचं सोंग घेतलेला कुणी असला तर? परत याद्या गोठल्या तर? परत काकांनी बोलणी खायची का? चार वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. तोच पत्ता. मी थोडा थांबलो, जेवढं थांबायची मला मुभा आहे तेवढा. मग म्हटलं, दोनशे वीस.

त्याने नाव सांगितलं. कुणाकडून ते सांगितलं. कुणासाठी, तर घशाचे डॉक्टर. मग पत्र दिलं. मी कधी कुणाची पत्रं वाचत नाही, पण हे वाचलं. वाचलं आणि ‘मिळालं’ म्हणालो, आणि यावेळी तो ‘येतो’ म्हणाला तेव्हा मला माझीच लाज वाटली.

घशाचे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. ताईंनीच तिथला नंबर फिरवला. पाच वाजता डॉक्टर हिरव्या कपड्यांतच खाली आले, काकांच्या स्क्रीनवर रिपोर्ट दोनदा वाचला आणि शेजारच्या स्टुलावर बसले.

“कर्करोग नाही,” ते म्हणाले. “जुनाट संसर्ग आहे, दिसतो मात्र कर्करोगासारखाच. औषधाने बरा होईल. वेळ लागेल. पण ताई, उद्याचं रद्द. मी... बरं झालं आलं हे.”

ताईंनी घरी फोन लावला. काका बाहेर जायला निघाले, ताईंनी हाताने बसा म्हटलं.

“अहो, मी बोलतेय.”

पलीकडून काहीतरी आलं.

“नाही, भरती नाही व्हायचं. काही काढायचं नाहीये. हो... अहो, हो! उद्याही मीच बोलणार. परवाही. तुम्ही कंटाळाल, कान किटतील तुमचे!”

काका भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. कडी लावायचीही शुद्ध राहिली नाही त्यांना त्या दिवशी.

याला आता चार महिने झाले. ताईंचा आवाज पुरता सुटलेला नाही, पण बोर्डावर त्याच आहेत. मी पण इथेच आहे. माझा स्वभाव बदललाय असं समजू नका. अजून मी प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघतो, आणि बघणारच. फक्त शंका असली की आता चार म्हणतो. पाच ठेवलंय ते ज्यांची पुरती खात्री पटलीये त्यांच्यासाठी, आणि तेही खरं कारण सांगून.

पण एक्केचाळीसांतून लॅब गेली तरी चाळीस उरतात. ताईंनी ती यादी मागून घेतली आणि बोर्ड शांत असला की त्या एकेकाला फोन लावतात. “तुम्ही आम्हाला काही पाठवलं होतं का? आमची चूक झाली, परत पाठवाल का?” गाद्यांच्या कारखान्याला गाद्याच विकायच्या होत्या. ग्रंथालयाला मुलांच्या वॉर्डसाठी पुस्तकं द्यायची होती, ती आली. एका घरी फोन उचलणारी म्हणाली, “हो, पाठवलं होतं. डॉक्टरांना विचारायचं होतं, आईला आणू का म्हणून. उत्तर नाही आलं, मग नाही आणलं.” भिंतीपलीकडे कितीतरी वेळ बोर्ड वाजत राहिला.

ही चाळीस तर फक्त दहा दिवसांतली. माझी वही तीस दिवसांनी आपोआप पुसली जाते. त्याआधी जवळजवळ वर्षभर मी दारातून किती भल्या माणसांना घालवलं, ते आता मलाच काय, कुणालाच सांगता येणार नाही. त्यांना मी कधी विचारलंच नाही, पत्र कुणासाठी म्हणून.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्हीही त्यांच्यातले असाल. कधीतरी तुमचं पत्र ‘इथे टपाल घेतलं जात नाही’ म्हणून परत आलं असेल आणि तुम्ही ते मुकाट्याने बाजूला ठेवलं असेल. ते खोटं होतं. मी घेतो. एकदा परत पाठवा. मी कदाचित ‘थोड्या वेळाने या’ म्हणेन, राग मानू नका.

पण या.